चार गुरुवार, चार रविवार

मार्गशीर्ष लागला की मुळशी तालुक्यात भाताची झोडणी आटोपत आलेली असते. माण गावच्या ज्या शेतांत अजून भात पिकतो, तेथे खळ्याकडेला पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात आणि पहाटेच्या धुक्यात त्यांचा ओलसर, गोड वास दूरवर दरवळतो. याच गावच्या शिवारात हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा वसला आहे. एका बाजूस पेंढ्याची गंजी आणि दुसऱ्या बाजूस काचेचे उत्तुंग मनोरे, असे आजच्या माणचे रूप आहे.

या महिन्यातील गुरुवारी संध्याकाळी येथील घराघरांतून महालक्ष्मीच्या व्रताचा घट मांडला जातो. चौरंगावर तांदळाची रास, तिच्यावर पाण्याने भरलेला कलश, कलशात पाच वृक्षांच्या डहाळ्या, वर श्रीफळ, पुढे समईची शांत ज्योत आणि हातात व्रतकथेची पोथी. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीभगवंतांनी महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष आहोत असे सांगून ज्या महिन्याचा गौरव केला, त्याची ही घरगुती पूजा आहे.

त्याच दिवसांत, पंचांग कधी मागेपुढे सरकेल तेवढाच फरक, शेजारच्या एखाद्या घराच्या सज्जात कागदाची पाच पाकळ्यांची चांदणी लागते. तिच्या पोटात दिवा असतो. आतल्या मेजावर हिरव्या पानांचे एक वर्तुळ मांडलेले असते आणि त्यात चार मेणबत्त्या उभ्या असतात. पहिल्या रविवारी त्यांतील एकच पेटविली जाते. आपण चांदणी पाहतो आणि सहज म्हणतो, ‘नाताळ आला.’ परंतु नाताळ अद्याप आलेला नसतो. तो यायचा असतो. त्या घरी जे चालले आहे, ते सणाआधीचे व्रत आहे. ख्रिस्ती धर्मपरंपरेत त्याला आगमनकाळ असे नाव आहे. आपल्या घरी चार, क्वचित पाच गुरुवार; त्यांच्या घरी चार रविवार. या दोन प्रतीक्षांची ओळख एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसांनी करून घ्यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

चार ज्योतींचे व्रत

संत आंद्रेया याचा स्मरणदिन ३० नोव्हेंबरला येतो. त्या दिवसाच्या सर्वांत निकट असणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. म्हणजे त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधील एखाद्या रविवारी होतो आणि समाप्ती २४ डिसेंबरच्या सायंकाळी. कॅथलिक चर्चचे नवे उपासनावर्षही याच रविवारी उजाडते. आपण वर्षाचा आरंभ गुढी उभारून करतो. ते वाट पाहण्याने करतात.

या दिवसांत धर्मगुरूंची वेदीवरील वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात. जांभळा हा संयमाचा आणि पश्चात्तापाचा रंग मानला आहे. देवाच्या गौरवाचे नित्याचे स्तोत्र रविवारच्या उपासनेतून या काळापुरते वगळले जाते आणि नाताळच्या रात्रीच ते पुन्हा घुमते. केवळ तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र परिधान करता येते, कारण वाट अर्ध्याहून अधिक सरली याचा तो आनंद असतो. चार मेणबत्त्यांपैकी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, यातील संकेतही हाच. दर रविवारी एक ज्योत वाढते. बाहेर रात्र मोठी होत जाते आणि घरात उजेड एकेका ज्योतीने वाढत राहतो.

या पर्णचक्राची प्रथा फार प्राचीन नाही. १८३९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी योहान हिन्रिक विखर्न या प्रोटेस्टंट पाळकाने अनाथ मुलांसाठी ती प्रथम घातली. ‘नाताळ केव्हा येणार?’ असे ती मुले रोज विचारीत, म्हणून त्यांना दिवस मोजता यावेत अशी ही योजना होती. पुढे कॅथलिकांनीही ती आपली मानली.

व्रताची कल्पना मात्र फार जुनी आहे. पाचव्या शतकात, आज फ्रान्समध्ये असलेल्या तूर नगरीच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करावा असा नियम घातला होता. कालौघात तो शिथिल झाला. आपल्याकडे केरळातील सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती घरांतून १ डिसेंबरपासून नाताळापर्यंतचे पंचवीस दिवसांचे व्रत आजही पाळले जाते आणि व्रतस्थ माणसे या काळात मांस-मासे वर्ज्य करतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आपल्या घरांना याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आळंदीची एकादशी, निर्मळची एकादशी

माण हे पुणे धर्मप्रांताच्या क्षेत्रात येते. तथापि मराठी भाषेत, मराठी मातीत हा आगमनकाळ कसा रुजला हे पाहावयाचे असेल, तर सह्याद्री उतरून वसईस जावे लागते. आणि तेथे जाण्याची वाट आपल्या ओळखीच्या तिथीवरूनच जाते. कार्तिक वद्य एकादशीला पुणे जिल्ह्याचे सारे रस्ते आळंदीकडे वळतात; माउलींच्या संजीवन समाधीचा तो सोहळा. त्याच एकादशीला वसई तालुक्यातील निर्मळ या गावी मोठी यात्रा भरते. तेथे शंकराचार्यांची समाधी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. त्याच निर्मळ गावात पवित्र क्रुसाचे चर्चही आहे. वसईच्या परिसरातील हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरची माणसे या यात्रेला लोटतात. यात्रेची धूळ बसते न बसते तोच चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटण्याचे दिवस येतात.

वसईचे हे कॅथलिक कोणी परके नव्हेत. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा येथील मूळच्या समाजांतील ती माणसे आहेत. शेती, बागायत, मासेमारी हे त्यांचे पिढीजात व्यवसाय आणि मराठीच्या बोली ही त्यांची घरची भाषा. चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीस ते ‘धर्मग्राम’ असा सुंदर मराठी शब्द योजतात. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे संत तुकारामांच्या ईश्वरानुभवाचे अभ्यासक. २००९ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

इतिहासाची कटू पाने झाकून हे सांगणे योग्य होणार नाही. १५३४ पासून वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या अमलात हिंदूंची देवळे पाडली गेली, सक्ती झाली, हे विसरण्यासारखे नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. विजयचिन्ह म्हणून तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांस अर्पण केल्या. आपल्या पुणे जिल्ह्यातील भीमाशंकराच्या देवळापुढची मोठी घंटा त्यांपैकीच एक. आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जातो तेव्हा जिचा नाद ऐकतो, ती कधीकाळी उपासनेसाठी माणसांना हाक मारणारी घंटा होती. धातू तोच, नादही तोच; हाक ऐकणारी माणसे तेवढी बदलली.

आणि वसईच्या विजयानंतर ५३ वर्षांनी, १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यात चाकरीस असलेल्या पोर्तुगीज व गोमंतकीय कॅथलिकांच्या उपासनेसाठी खुद्द पुण्यात जमीन दिली. नाना पेठेतील आजचे ‘सिटी चर्च’ त्या जागेवर उभे आहे. हे चर्च मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवास वाहिलेले असून तिचा तो सण ८ डिसेंबरला, म्हणजे ऐन आगमनकाळात येतो. ज्यांच्या घराण्याने वसई घेतली, त्यांनीच पुण्यात चर्चला जागा दिली. युद्ध राजसत्तेशी होते. चाकरीत असलेल्या माणसाच्या देवाशी नव्हते. हा विवेक पेशवाईच्या दप्तरात सापडतो, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट होय.

मराठीतील प्रतीक्षा

‘आगमन’ हाच विषय घेऊन मराठीत एक विशाल ग्रंथ चार शतकांपूर्वी रचला गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. आपल्याकडील पुराणांची, ज्ञानदेव-एकनाथांच्या परंपरेतील ओवीची मोहिनी त्यांनी जाणली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण, असा आहे. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्यात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतची कथा येते. म्हणजे हजारो ओव्यांपर्यंत ज्याचे नाव ग्रंथाला दिले, तो कथानायक जन्मासच यावयाचा असतो. श्रोत्यांनी त्याची वाट पाहावयाची. आगमनकाळाचे मर्म याहून अधिक चांगल्या रीतीने मराठीत क्वचितच मांडले गेले असेल. हा ग्रंथ देवनागरीत प्रथम आणण्याचे श्रेय पुण्याचे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली आवृत्ती येथूनच प्रसिद्ध झाली.

चर्चमधील ख्रिस्तयाग मात्र त्यानंतरही काही वर्षे लॅटिन भाषेतच होत असे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषा योजण्यास अनुमती देणारा दस्तऐवज संमत केला. तोही दिवस आगमनकाळातलाच. तेव्हापासून आगमनकाळातील वाचने, प्रार्थना, गीते मराठीतून होऊ लागली. ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली तेव्हा सामान्य माणसाच्या अंगणात जो उजेड पडला, त्याची आठवण येथे व्हावी.

घराची झाडलोट, मनाची झाडलोट

धर्मग्रामात या चार आठवड्यांत काय चालते? प्रथम जे डोळ्यांना दिसते ते पाहू. घरे झाडून-सारवून, रंगवून घेतली जातात. पुरणाच्या करंज्या, ज्यांना तिकडे नेवऱ्या म्हणतात, आणि शंखाच्या आकाराचे कलकल करण्यासाठी आयाबाया एकत्र जमतात. तरुणांच्या टोळ्या संध्याकाळी नाताळगीते गात दारोदार जातात आणि मिळालेली देणगी पुष्कळ ठिकाणी गोरगरिबांच्या साह्यासाठी वळविली जाते.

घरोघर आणि चौकाचौकांत गव्हाणीचा देखावा उभारला जातो. इटलीतील ग्रेच्यो या गावी १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने जिवंत बैल, गाढव आणि चारा आणून बेथलेहेमचा प्रसंग लोकांपुढे मांडला, तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. आपल्याकडे गव्हाणीला भाताचा पेंढा लागतो. देखाव्यातील हिरवळीसाठी काही घरी आधीच परातीत धान्य पेरून ठेवतात. नाताळापर्यंत त्याचे कोवळे कोंभ वीतभर वाढतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या गृहिणीला हे कोंभ अनोळखी वाटणार नाहीत. सारा देखावा सजतो, मेंढपाळ येतात, गाई-बैल येतात, मरिया आणि योसेफ येतात. परंतु मधली गव्हाण पुष्कळ घरी २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवतात. बाळाची मूर्ती त्या रात्री ठेवावयाची.

आता जे दिसत नाही ते. या काळात श्रद्धावंत कॅथलिक धर्मगुरूंपुढे जाऊन आपल्या पापांचे निवेदन करतो आणि क्षमा मागतो. रविवारच्या वाचनांत यशया प्रवक्त्याची वचने येतात, अरण्यात राहून लोकांना पश्चात्तापाची हाक देणारा योहान येतो. प्रभूसाठी वाट सरळ करा, असे तो सांगतो. ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, हा लूकच्या शुभवर्तमानातील त्याचाच उपदेश. आणखी एक प्रसंग या दिवसांत वाचला जातो. गर्भवती मरिया डोंगराळ मुलखातून वाट चालत आपली वयोवृद्ध नातलग एलिझाबेथ हिच्या घरी जाते. तीही उतारवयात गर्भवती असते. दोघी एकमेकींस भेटतात, एकमेकींचा गौरव करतात. आपल्या घरी जिचे डोहाळे पुरविले जातात, तिला या भेटीचा अर्थ कोणत्याही भाष्यावाचून कळेल.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली. पहिले बेथलेहेममध्ये होऊन गेले, अखेरचे युगान्ती व्हावयाचे आहे आणि मधले आगमन माणसाच्या अंतःकरणात होते. जमाखर्च करावा तो या मधल्या आगमनाचा. त्यांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा एकच आहे, असा निष्कर्ष येथे कोणी घाईने काढू नये. आपण भगवंताचे अनेक अवतार मानतो. ईश्वराने मनुष्यरूप एकदाच धारण केले, असे ते मानतात. भेद आहेत आणि ते आदराने जपावेत. मात्र सणाआधी मन झाडावे, ही शिकवण दोन्ही उंबऱ्यांवर सारखीच आहे.

दारात उभी असलेली परीक्षा

आता पुन्हा मार्गशीर्षातील गुरुवारच्या पोथीकडे वळू. भद्रश्रवा राजाची राणी सुरतचंद्रिका वैभवाने उन्मत्त झालेली. एके दिवशी साक्षात महालक्ष्मी जीर्ण वस्त्रांतील म्हातारीचे रूप घेऊन तिच्या महालाच्या दारी येते. राणी तिला ओळखत नाही, तिचा अपमान करून तिला घालवून देते. राजकन्या शामबाला मात्र म्हातारीशी नम्रतेने वागते, व्रत समजून घेते आणि मनोभावे करते. पुढे राणीचे वैभव जाते आणि कन्येचे वाढते. ही कथा दर गुरुवारी आपण ऐकतो.

लूकच्या शुभवर्तमानातील कथाही दाराशीच घडते. रोमन सम्राट ऑगस्टसने शिरगणतीची आज्ञा काढलेली. योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथ सोडून बेथलेहेमला आलेली. उतारशाळेत त्यांना जागा मिळत नाही. बाळ जन्मते आणि त्याला जनावरांच्या गव्हाणीत निजवावे लागते. ‘जागा नाही’ हे उत्तर ज्याने दिले, त्याने कोणाला परत पाठविले हे त्याला ठाऊक नव्हते. सुरतचंद्रिकेलाही ठाऊक नव्हते.

दोन्ही कथा वेगळ्या, त्यांचे दैवत वेगळे, त्यांचा अर्थही वेगळा. परंतु दोन्ही आपल्याला एकाच जागी, दारात, आणून उभे करतात. देव येतो तेव्हा देवाच्या वेषात येत नाही. तो परक्याच्या, गरजूच्या, वाटसरूच्या रूपाने येतो. तेव्हा कडी काढायची की लावायची, हाच प्रश्न असतो.

आणि हा प्रश्न केवळ पोथीतला राहिलेला नाही. माणसारख्या गावी आज देशभरातून माणसे पोट भरण्यासाठी येतात. घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो, धर्म विचारला जातो. आणि मग मऊ आवाजात सांगितले जाते, जागा नाही. हा अनुभव येथील कोणास अपरिचित आहे? असे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती भाविकच असतात. त्यांच्याही घरी गुरुवारचा घट मांडलेला असतो. सुरतचंद्रिकेची कथा वाचून पोथी मिटावी आणि दाराशी आलेल्या कुटुंबास तिच्याच शब्दांत परत पाठवावे, हे केवढे विपरीत! पोथी वाचून झाली तरी व्रत पुरे झाले असे म्हणता येईल काय?

दोष एकाच बाजूस आहे, असेही नव्हे. ख्रिस्ती धर्मगुरूही आपल्या लोकांना या दिवसांत बजावीत असतात की, बाजार नोव्हेंबरातच नाताळ मांडून बसतो, रोषणाई आणि खरेदी यांच्या गलबल्यात वाट पाहण्याचे चार आठवडे हरवून जातात आणि ज्याचा जन्मदिवस तोच घराबाहेर राहतो. गणेशोत्सवात, नवरात्रात आपणही हेच दुःख भोगतो. सण मोठा होत जातो आणि व्रत लहान होत जाते.

तेव्हा यंदा मार्गशीर्षातील गुरुवारी कथेची सांगता झाल्यावर प्रसादाची एक वाटी शेजारच्या चांदणीच्या घरी न्यावी. उद्यापनाच्या दिवशी जशी सवाष्णीला आदराने बोलावतो, तशा आदराने त्या घरच्या आजीबाईंची विचारपूस करावी. त्या बहुधा मेणबत्त्यांचे वर्तुळ दाखवतील आणि कितवा रविवार झाला ते सांगतील. नाताळच्या सकाळी त्यांच्याकडून नेवऱ्यांचे ताट येईल, तेव्हा ते दारातच न घेता त्यांना आत बसवून घ्यावे.

आणि गव्हाणीच्या देखाव्यासमोर उभे राहण्याचा योग आला, तर मधल्या रिकाम्या जागेकडे क्षणभर पाहावे. माणच्या खळ्यावर असतो तसाच तो भाताचा पेंढा असतो, येणाऱ्यासाठी नीट पसरून ठेवलेला.